नवा डाव, ओळखीचे गडी

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ‘बॉस की प्रॉडक्शन्स’ या कंपनीने ‘लॉब्रेकर्स’ नावाचा ऑनलाइन नेमबाजीचा खेळ बाजारात आणला. कंपनीचा प्रमुख क्लिफ ब्लेझिन्स्की या धंद्यात मुरलेला माणूस. ‘अनरियल टूर्नामेंट’ आणि ‘गिअर्स ऑफ वॉर’ या गाजलेल्या खेळांच्या घडणीत त्याचा मोठा वाटा होता. ‘लॉब्रेकर्स’मध्ये मैदानाच्या काही भागांत गुरुत्वाकर्षण जवळजवळ नाहीसं व्हायचं. खेळाडू हवेत तरंगत लढायचे, आणि न वळता पाठीमागे गोळ्या झाडल्या की त्या धक्क्याने पुढे फेकले जायचे. कल्पना खरोखर नवी होती, हाताळणीही सफाईदार होती. पण खेळायला माणसंच पुरेशी आली नाहीत. मग कंपनीने वारं बघून दिशा बदलली. तेव्हा जिकडेतिकडे ‘बॅटल रॉयाल’ची, म्हणजे सगळ्यांत शेवटी जिवंत उरेल तो जिंकतो अशा खेळांची, लाट होती. एप्रिल २०१८ मध्ये घाईघाईने त्याच साच्यातला ‘रॅडिकल हाइट्स’ हा खेळ आला. तोही उभा राहिला नाही, आणि मे महिन्यात कंपनीला टाळं लागलं.

एकाच चमूने वर्षभराच्या आत दोन्ही टोकं गाठून पाहिली. आधी कोणी न केलेलं करून पाहिलं, मग सगळे करत होते ते केलं. दोन्हीकडे हात पोळले. ऑनलाइन खेळाला यश नावीन्यातून मिळतं की ओळखीतून, हा प्रश्न या धंद्यात सतत विचारला जातो, आणि त्याची ठोकळेबाज उत्तरं या एका उदाहरणापुढे टिकत नाहीत. या पुस्तकाचा विषय तोच प्रश्न आहे. माझं म्हणणं इतकंच, की तो विचारताना आपली नजर खेळावर खिळलेली असते, आणि ती गड्यांवर असायला हवी. खेळ किती नवा आहे यापेक्षा, तो खेळणाऱ्यांना एकमेकांशी नवं काही करायला देतो का, आणि ते करायला त्यांना ओळखीची जमीन ठेवतो का, यावर त्याचं भवितव्य ठरतं.

कादंबरी एकट्याने वाचता येते. चित्रपट रिकाम्या थिएटरातही पूर्ण दिसतो. ऑनलाइन खेळात मात्र समोरचा माणूस हाच मुख्य ऐवज असतो. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा खेळ घडवला, तेव्हापासून हे खरं आहे. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी. आणि तरी त्या ओळींच्या पलीकडे कोणीतरी खराखुरा माणूस आहे, एवढ्यावर मुलं रात्र रात्र जागत.

माणूसच ऐवज असला की खेळ मरतोही वेगळ्या तऱ्हेने. समजा, पाच विरुद्ध पाच असा सामना आहे. तुम्ही ‘प्ले’ दाबता आणि लॉबीत, म्हणजे खेळाच्या प्रतीक्षालयात, थांबता. पडद्यावर सेकंद सरकत राहतात. खेळाडू मुबलक असतील तर सर्व्हर तुमच्याच ताकदीचे नऊ जण अर्ध्या मिनिटात जमवतो. नसतील तर आधी वेळ वाढतो, मग सर्व्हर निकष सैल करतो आणि नवख्याला मुरलेल्यांच्या तोंडी देतो. तो दोन डाव हरतो आणि खेळ बंद करतो. त्याच्या जाण्याने दहाव्या माणसाची वाट पाहणाऱ्या उरलेल्या नऊ जणांचा वेळ आणखी वाढतो. ही घसरण एकदा सुरू झाली की सुंदर चित्रं, नवी शस्त्रं, सवलतीची किंमत, काहीही उपयोगी पडत नाही. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला गेला. त्यामागे अनेक वर्षांचं काम होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेला ‘मार्व्हल रायव्हल्स’ जवळपास त्याच जातीचा खेळ, पण तो तुफान चालला. तो फुकट होता आणि त्यातली पात्रं जगाला आधीपासून ठाऊक होती. लॉबी भरायला तेवढं पुरलं.

नवा खेळ विकत घ्यायचा तर माणसाला फक्त पैसे आणि वेळ मोजावा लागत नाही, आपली टोळीही हलवावी लागते. रोज रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘येताय का?’ विचारून जमणारे चौघे डोळ्यांसमोर आणा. एकाला नव्या खेळाची भुरळ पडते. उरलेल्या तिघांनी तो डाउनलोड करायचा, प्रत्येकाच्या फोनवर तो चालायला हवा, आणि प्रत्येकाने नव्याने नवशिका व्हायचं. इथे निर्णय उत्साही माणसाच्या हातात नसतो. चौघांतला ज्याला सगळ्यांत लवकर कंटाळा येतो, तो ठरवतो. म्हणून मी एकच कसोटी मानतो: एक मित्र दुसऱ्याला डाव चालू असतानाच, बोलता बोलता हा खेळ शिकवू शकतो का? शिकवता येत असेल तर कितीही नवं खपतं.

आता काही जुने दाखले. १९९७ मध्ये रिचर्ड गॅरियटच्या चमूने ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणला. त्यात त्यांनी एक विलक्षण गोष्ट रचली होती, ती म्हणजे जिवंत निसर्ग. गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे प्राणी, भक्ष्य संपलं की गावाकडे वळणारी श्वापदं. पण खेळाडूंचे लोंढे आले आणि दिसेल तो प्राणी मारत सुटले. निसर्गाला सावरायला उसंतच मिळाली नाही. अखेर ती सगळी यंत्रणा काढून टाकावी लागली, आणि ती होती हे बहुतेकांच्या लक्षातही आलं नव्हतं. इतकं मोठं नावीन्य, पण माणसामाणसांत त्याने काहीच घडवलं नाही. त्याच खेळात लोकांनी घरं बांधली, दुकानं थाटली, दरोडे घातले, आणि ते मात्र आजही आठवणीने सांगतात.

‘एव्हरक्वेस्ट’ १९९९ मध्ये आला. त्याचा सांगाडा कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या ‘डिकूमड’ या मजकुरी खेळासारखा होता. त्यात मरण महाग होतं. कमावलेला अनुभव वजा व्हायचा, आणि सगळं सामान खेळाडू मेला त्या जागी राहायचं, ते परत आणायला मित्रांना हाका माराव्या लागायच्या. २००४ मध्ये ब्लिझार्डने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आणला तेव्हा हाच सांगाडा घेतला आणि काटे बोथट केले. मेलात तर भूत होऊन आपल्या देहापर्यंत चालत जा आणि उठा. काय करायचं कळत नसेल तर ज्याच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह आहे त्याच्याशी बोला. ऑक्टोबर २०१० पर्यंत त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. त्याच्या पाठोपाठ वर्षानुवर्षं त्याची नक्कल करणारे खेळ येत राहिले आणि बहुतेक आटोपले. त्यांच्याकडे उद्गारचिन्हं होती, नकाशे होते, राक्षस होते. नव्हती ती माणसं, कारण ती वॉरक्राफ्टमधल्या आपापल्या गिल्डमध्ये, म्हणजे टोळीत, बसली होती. ओळख उसनी आणता येत नाही, हे इतक्या कंपन्यांना इतक्या उशिरा कळलं याचं मला अजून नवल वाटतं.

खरं नावीन्य कसं दिसतं, याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे २००३ मधला ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’. राफ कोस्टर हा त्याचा प्रमुख रचनाकार. अंतराळातल्या युद्धाच्या या खेळात तुम्ही नर्तकी होऊ शकत होता, वादक होऊ शकत होता, शिंपी होऊ शकत होता. लढून लढून खेळाडूवर एक प्रकारचा मानसिक थकवा चढायचा, आणि तो उतरवायला गावातल्या मद्यगृहात जाऊन नाच बघत, गाणं ऐकत बसावं लागायचं. म्हणजे शिकारी आणि सैनिक दमून येऊन बसायचे, समोर दुसरा खेळाडूच नाचत असायचा, आणि थकवा उतरेपर्यंत करण्यासारखं एकच काम असायचं: गप्पा. तिथे मैत्र्या जुळल्या. नियम विचित्र होता, पण त्याचा अर्थ कोणालाही कळत होता, कारण दमून आल्यावर चार माणसांत बसणं आपण जगात सगळीकडे करतो.

नोव्हेंबर २००५ मध्ये हा खेळ चालवणाऱ्या कंपनीने तो मुळापासून बदलला. वॉरक्राफ्टचं यश डोळ्यांसमोर होतं. व्यवसायांची मोठी, एकमेकांत मिसळणारी जाळी मोडून नऊ ठरावीक भूमिका ठेवल्या, लढाई सोपी आणि वेगवान केली. कागदावर हा बदल ओळखीच्या दिशेने होता, बाजारात चालतं तेच दिलं होतं. पण जे त्या जगात राहत होते त्यांची ओळखच पुसली गेली. लोक गटागटाने निघून गेले. डिसेंबर २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले. ओळखीचं कोणाला, हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘ओळखीचं द्या’ या सल्ल्याला अर्थ नाही.

मग नवं येतं कुठून? आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटकडे पाहिलं तर उत्तर सापडतं. एक टप्पा आउट, भिंतीला थेट लागला तर दोन, काकूंच्या गॅलरीत गेला तर मारणारा बाद आणि चेंडूही त्यानेच आणायचा. हे नियम कुठल्या मंडळाने केले नाहीत. खेळ सगळ्यांच्या हातात बसलेला होता, जागा अपुरी होती, म्हणून मुलांनी ते केले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले अनेक मोठे ऑनलाइन खेळ असेच जन्मले आहेत. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळात मिन्ह ले आणि जेस क्लिफ या हौशी जोडगोळीने केलेला फेरफार होता. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’ खेळणाऱ्यांनी रचलेला नकाशा होता, त्यातून पुढे ‘लीग ऑफ लेजंड्स’ आणि ‘डोटा २’ निघाले. बॅटल रॉयालचंही तेच. ब्रेंडन ग्रीन हा आयरिश माणूस ब्राझीलमध्ये राहत असताना ‘आर्मा २’ या लष्करी खेळावरच्या ‘डेझी’ या फेरफारात रमला. २००० सालच्या ‘बॅटल रॉयाल’ या जपानी चित्रपटाचं सूत्र त्याने तिथे वापरून पाहिलं. मग ‘आर्मा ३’, मग दुसऱ्या एका खेळासाठी सल्लागारी, मग दक्षिण कोरियातल्या ब्लूहोल कंपनीचं बोलावणं, आणि मार्च २०१७ मध्ये ‘पब्जी’. बाहेरून एका रात्रीत उगवलेला वाटणारा हा प्रकार वर्षानुवर्षं आधीपासून खेळणाऱ्यांच्या हाताखाली मळला जात होता.

त्यातला कळीचा शोध बंदुकांचा नाही, आक्रसत जाणाऱ्या वर्तुळाचा आहे. आपल्याकडची मुलं त्याला ‘झोन’ म्हणतात. शंभर माणसं मोठ्या बेटावर विखुरलेली असतात, आणि झोन त्यांना हळूहळू एकमेकांसमोर आणतो. ‘एपिक’ कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये हेच सूत्र उचललं आणि त्यावर भिंती-जिने बांधण्याची स्वतःची भर घातली. पुढे बांधकामात मुरलेले खेळाडू इतके पुढे गेले की नवख्यांचा निभाव लागेना. मार्च २०२२ मध्ये बांधकामाशिवायचा प्रकार आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी चक्क आपला पहिला जुना नकाशा परत आणला, तेव्हा एका दिवसात जवळपास साडेचार कोटी माणसं खेळून गेली. सहा वर्षांत एका पिढीचं ते जुनं गाव झालं होतं.

भारतात ‘पब्जी मोबाइल’ २०१८ मध्ये पोचला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झालेला होता आणि लाखो मुलांच्या हातातलं पहिलं खेळयंत्र म्हणजे फोनच होता. इथे माझं एक निरीक्षण मांडतो. या खेळातला मोठा वेळ लढाईत जात नाही, चालण्यात आणि सामान गोळा करण्यात जातो. ‘पोचिंकीला उतरू या का?’ ‘नको, तिथे सगळे रश करतात.’ ‘माझ्याकडे फोर-एक्स जास्तीचा आहे, कोणाला हवाय?’ ‘अरे मी नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे!’ आणि या वाक्यांच्या मधल्या मोकळ्या मिनिटांत उद्याचा पेपर, गावाकडचा पाऊस, कोणाचं कोणाशी जमलंय, असं सगळं बोलून होतं. ज्यांना गावात कट्टा उरला नव्हता, किंवा मुलगी म्हणून रात्री कट्ट्यावर बसता येत नव्हतं, त्यांना तो इथे मिळाला. ‘लॉब्रेकर्स’मध्ये सतत तरंगत गोळ्या चुकवताना असं मोकळं मिनिट नव्हतं. माझ्या लेखी त्याच्या अपयशाचं ते एक मोठं कारण आहे.

म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पब्जीवर बंदी घातली तेव्हा पोकळी खेळाची कमी आणि कट्ट्याची जास्त होती. २६ जानेवारी २०२१ ला मोठ्या गाजावाजात ‘फौ-जी’ आला. विषय आपला, मैदान गलवानचं, पण सुरुवातीला तो एकट्यानेच खेळायचा होता. चौघांनी त्यात जमायचं कुठे? त्याच वर्षी जुलैमध्ये ‘बीजीएमआय’ आला. नाव नवं, रक्ताचा रंग हिरवा, मध्ये मध्ये सूचना. पण बेट तेच एरँगल, आणि जुनं खातंही सोबत आणता येत होतं. टोळ्या परतल्या. २०२२ मध्ये तोही बंद झाला, मे २०२३ मध्ये परत आला, आणि माणसं पुन्हा हजर झाली.

याच्या उलट, खेळात फारसं काही न बदलता नशीब बदलल्याचे दाखलेही आहेत. ‘अमंग अस’ जून २०१८ चा. दोन वर्षं तो जेमतेम तग धरून होता. २०२० मध्ये जग घरात अडकलं आणि आपल्यातला लबाड शोधायचा हा खेळ घराघरांत गेला. त्याचं सूत्र ‘माफिया’ या बैठ्या खेळाचं आहे, जो १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव्हने रचला. निर्मात्यांनी दुसरा भाग जाहीर केला आणि थोड्याच आठवड्यांत रद्द केला, पहिलाच सुधारायचं ठरवलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. माणसं जिथे जमली आहेत तिथून त्यांना उठवायचं नाही.

त्याच टाळेबंदीत नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ कंपनीचा, २०१६ पासून चालत असलेला ‘लुडो किंग’ घरोघरी पोचला. सारीपाट-पचिसीचा वंशज असलेला लुडो इंग्लंडला जाऊन आला, पत्र्याच्या डब्यातून सोंगट्यांसह आपल्या घरात शिरला आणि मग फोनमध्ये. नवं त्यात एवढंच होतं, की रूमचा कोड पाठवला की साताऱ्याची आजी आणि न्यू जर्सीतला नातू एका पटावर बसत होते. आजीला नियम शिकवावे लागले नाहीत. उलट सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायला तिनेच हरकत घेतली असणार. या खेळाला ‘त्यात काय नवीन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझा विरोध आहे. माणसांमधलं अंतर मोडणं हे शंभर नव्या शस्त्रांपेक्षा मोठं काम आहे.

जुन्याची ओढ म्हणजे बदलाला नकार, असं मात्र समजू नये. केंब्रिजच्या ‘जॅजेक्स’ने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘रूनस्केप’ची कथा यासाठी मुळातून वाचावी. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी लढाईची पद्धत पार बदलली आणि खेळाडू सोडून जाऊ लागले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधली खेळाची एक प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करावी का, यावर मतदान घेतलं. चार लाखांहून अधिक मतं पडली, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. एक अट ठरली: नवं काही आणायचं तर आधी खेळाडूंना विचारायचं, आणि शंभरातल्या पंचाहत्तर जणांनी होकार द्यायला हवा. पुढे ती मर्यादा सत्तरवर आली. साडेपाच वर्षं मागे जाऊ पाहणाऱ्या याच लोकांनी मग काय केलं? नवा भूखंड मंजूर केला, सामूहिक मोहिमा मंजूर केल्या, आधी ज्याला विरोध होता तो मध्यवर्ती बाजारही मंजूर केला. २०१९ मध्ये ‘वॉर्डिंग’ हे नवं कौशल्य त्यांनी नाकारलं. २०२३ मध्ये नौकानयनाचं कौशल्य निवडलं. आपल्याला विचारलं जातंय, ही खात्री पटली की माणसं नव्याला दार उघडतात, असं मी यातून वाचतो.

पुढच्या प्रकरणांत या एकेका खेळाचा तपशील येईल. दोन गोष्टी मी मुद्दाम वगळल्या आहेत. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, ज्यांच्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, त्यांचा विचार इथे नाही. तिथे माणूस परत येतो तो पैशाच्या ओढीने, आणि ती ओढ नव्या-जुन्याच्या हिशेबात बसत नाही. दुसरं, मुलांच्या व्यसनाचा प्रश्न. तो गंभीर आहे आणि मानसोपचाराच्या जाणकारांनीच लिहावा इतका गंभीर आहे.

एका प्रकरणात मात्र मी जास्त रेंगाळलो आहे, ते म्हणजे आपल्याकडचे निर्माते. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा बॅटल रॉयाल आणला. सांगाडा सगळ्यांच्या हाताला बसलेला, जग भारतीय कल्पनेतून आलेलं, आणि ‘कॉस्मियम’ नावाची वस्तू ताब्यात घेऊन डाव जिंकण्याची वेगळी वाट. ही भर मला बरोबर जागी घातलेली वाटते, कारण तिच्यामुळे शेवटच्या वर्तुळात लपून बसलेल्यांना बाहेर येऊन एकमेकांना सामोरं जावं लागतं. पण त्याच्यापुढची अडचण बंदुका किंवा चित्रांची नाही. रात्री दहाला जमणारे ते चौघे वर्षानुवर्षं एरँगलवर उतरत आले आहेत, तिथली प्रत्येक पायवाट त्यांना पाठ आहे. त्यांना एकत्र उठवून आणायचं कसं, हे पुण्यातल्या, नवी मुंबईतल्या आणि उद्या नाशिक-कोल्हापुरात खेळ घडवू पाहणाऱ्या मुलामुलींना सोडवायचं आहे. हे पुस्तक लिहिताना माझ्यासमोर सतत तीच मुलं होती.